लेन्स घेताना शटरही घेतो आहोत

फिल्मवर काम करण्याची इच्छा असलेले तरुण सोलापुरात पुन्हा भेटू लागले आहेत. ३५ मिलिमीटरच्या एखाद्या जुन्या कॅमेऱ्यावर हात बसला की त्यांना मीडियम फॉरमॅटची, म्हणजे १२० रोलवर मोठी निगेटिव्ह देणाऱ्या कॅमेऱ्यांची, ओढ लागते आणि मग हॅसलब्लाड घ्यावा, मामिया घ्यावा की पेंटॅक्स, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा लेन्सच्या कीर्तीवरून दिले जाते: अमुक लेन्स किती धारदार आहे, तमुक लेन्समध्ये पार्श्वभूमी किती मऊ उतरते. मला हा क्रम पटत नाही. या वर्गातल्या नावाजलेल्या कॅमेऱ्यांच्या मूळ लेन्स जवळजवळ सगळ्याच उत्तम आहेत, आणि निगेटिव्ह इतकी मोठी असते की एफ ८ वर (एफचा आकडा जितका मोठा तितके लेन्सचे छिद्र लहान) घेतलेल्या छायाचित्राची १२ बाय १६ इंची प्रिंट पाहून लेन्स झाइसची की मामियाची, हे सांगणे कठीण जाते. निवड खऱ्या अर्थाने ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. शटर कोठे आहे, फाइंडरमध्ये दृश्य पोहोचवणारा आरसा छायाचित्र घेताना हलतो की नाही, चौकट कोणत्या आकाराची आहे आणि विषयाच्या किती जवळ जाता येते, या चार प्रश्नांची उत्तरे आपल्या कामाशी ताडून पाहिली की यादीतली निम्मी नावे आपोआप गळतात.

चौकटीचा प्रश्न आधी संपवतो, कारण तो तुलनेने सोपा आहे. कोडॅकने १९०१ मध्ये बाजारात आणलेला १२० रोल आजही त्याच मापात मिळतो. त्याच्या रुंदीतून सुमारे ५६ मिलिमीटर उंचीची प्रतिमा मिळते आणि लांबी किती घ्यायची हे कॅमेरा ठरवतो. ६×४.५ (हे आकडे सेंटिमीटरचे) मध्ये एका रोलवर १५ किंवा १६ छायाचित्रे मिळतात, ६×६ मध्ये १२, ६×७ मध्ये १० आणि ६×९ मध्ये ८. क्षेत्रफळाने पाहिले तर ६×६ ची निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या साडेतीन पटींहून मोठी आणि ६×७ ची साडेचार पट भरते. मात्र चौरस चौकट घेणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा: मी चौरसातच पाहणार आहे का? चौरस निगेटिव्ह कापून ८ बाय १० इंची कागदावर प्रिंट काढली, तर प्रत्यक्षात ६×४.५ एवढाच भाग वापरला जातो आणि उरलेली फिल्म विनाकारण खर्च होते. ६×७ चे प्रमाण मात्र ८ बाय १० च्या कागदाला जवळजवळ तंतोतंत जुळते. याउलट ज्याला चौरस मनापासून भावतो त्याला उभा की आडवा हा प्रश्नच उरत नाही, कॅमेरा कधीही वळवावा लागत नाही, आणि कमरेजवळ धरून वरून पाहण्याच्या फाइंडरसाठी हीच चौकट सर्वांत स्वाभाविक आहे. दयानिता सिंग यांची हॅसलब्लाडवर घेतलेली घरातली व्यक्तिचित्रे पाहिली की चौरसात पाहणे म्हणजे काय, ते कळते. ६×४.५ चा कॅमेरा वरून पाहण्याच्या फाइंडरसह उभ्या चौकटीसाठी वळवला, तर मान वाकडी करून बाजूने डोकवावे लागते. त्या कॅमेऱ्याला डोळ्याच्या पातळीचा प्रिझम लावणे हा चैनीचा नव्हे, गरजेचा खर्च आहे.

आता मुख्य मुद्दा. हॅसलब्लाड ५०० सी १९५७ मध्ये आला तेव्हापासून त्या मालिकेत शटर बॉडीत नसून प्रत्येक लेन्सच्या आत आहे. मामिया आरबी ६७, ब्रॉनिकाच्या ईटीआर आणि एसक्यू मालिका, मामियाचे जोडलेन्सचे (पाहण्याची आणि छायाचित्र घेण्याची लेन्स वेगळी असलेले) सी २२० आणि सी ३३० हे सर्व याच पद्धतीचे आहेत. पातळ पाकळ्यांचे हे लीफ शटर लेन्सच्या मधोमध उघडते आणि मिटते. याचा अर्थ असा की या पद्धतीत तीन लेन्स घेणारा माणूस तीन शटरे घेत असतो. ती तिन्ही वेगवेगळ्या वयाची असतात, वेगवेगळ्या हातांतून आलेली असतात, आणि प्रत्येकातले वंगण आपापल्या गतीने वाळत असते. काच निर्दोष आहे एवढे पाहून घेतलेली लेन्स अर्ध्या सेकंदावर अडकत असेल, तर ती दुरुस्त होईपर्यंत अपुरीच आहे. दुसरीकडे पेंटॅक्स ६×७, मामिया एम ६४५ आणि पूर्व जर्मनीचा पेंटाकॉन सिक्स यांचे शटर बॉडीत, फिल्मच्या अगदी पुढे असते. तेथे लेन्स म्हणजे फक्त काच, ॲपर्चर आणि फोकसची गती, म्हणून त्या लेन्स तुलनेने साध्या असतात आणि अधिक उजेड घेणाऱ्याही करता येतात. मामिया ६४५ ची ८० मिलिमीटर एफ १.९ आणि पेंटॅक्सची १०५ मिलिमीटर एफ २.४ ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. शटर बिघडले तर मात्र सगळ्या लेन्स एकाच वेळी निरुपयोगी होतात.

हा फरक तांत्रिक वाटतो, परंतु सोलापूरच्या उन्हात तो थेट छायाचित्रात उतरतो. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात चाललेली असते. मानकऱ्यांच्या अंगावर पांढरी शुभ्र बाराबंदी असते आणि फेट्याखाली चेहरा सावलीत गेलेला असतो. पांढऱ्या कापडातला तपशील राखून चेहरा उजळायचा तर थोडा फ्लॅश द्यावाच लागतो. १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाला असलेली संवेदनशीलता) फिल्मवर अशा उन्हात एफ १६ ला १/१२५ सेकंद हे एक्स्पोजर धरू. लीफ शटर कोणत्याही गतीला फ्लॅशशी जुळत असल्यामुळे १/५०० सेकंदाला एफ ८ वर काम होते आणि लहानसा फ्लॅश पुरतो. पेंटॅक्स ६×७ फ्लॅशशी केवळ १/३० सेकंदापर्यंत जुळतो. तेथे एफ ३२ लागेल, पण १०५ ची लेन्स एफ २२ वरच थांबते. म्हणजे आकाश आणि बाराबंदी एका स्टॉपने, म्हणजे दुप्पट उजेडाने, अधिक जळतील आणि एफ ८ च्या तुलनेत फ्लॅशही आठपट ताकदीचा लागेल. पेंटॅक्सने यासाठी ९० आणि १६५ मिलिमीटरच्या लीफ शटर असलेल्या खास लेन्स काढल्या होत्या, यावरून ही अडचण किती खरी होती ते दिसते. लीफ शटरची मर्यादाही तितकीच खरी आहे: हॅसलब्लाड आणि सी ३३० ची गती १/५०० ला संपते, आरबी ६७ ची १/४०० ला. एप्रिल-मेच्या उन्हात ४०० आयएसओची फिल्म भरली, तर एफ २.८ वर पार्श्वभूमी विरघळवण्याचा विचार सोडून द्यावा लागतो. त्यासाठी हळू, म्हणजे कमी आयएसओची, फिल्म हवी किंवा उजेड कमी करणारा करडा फिल्टर जवळ ठेवावा.

माझे बहुतेक काम मात्र उन्हात नसून पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यांत असते, आणि कॅमेऱ्याविषयीची माझी मते तेथेच तयार झाली आहेत. चादरीचे जेकार्ड माग आणि टॉवेलचे माग सुरू असताना उजेड फक्त वरच्या काचांतून आणि एखाद्या दारातून येतो. ४०० आयएसओच्या फिल्मवर एफ ४ ला १/३० सेकंद मिळाले तर समाधान मानावे. पुस्तके अशा वेळी ट्रायपॉड लावायला सांगतात. परंतु माग चालू असताना पायाखालची फरशीच थरथरत असते, तो थरार ट्रायपॉडच्या पायांतून वर चढतो आणि तोच कॅमेरा हातात धरला तर शरीर तो बराचसा शोषून घेते. म्हणून मला हातात धरून १/३० वर, कधी १/१५ वरही, खात्रीने चालणारा कॅमेरा हवा होता. पेंटॅक्स ६×७ चा आरसा आणि शटरचा पडदा दोन्ही मोठे आहेत, त्यांचा धक्का मनगटाला जाणवतो, आणि हातात धरून मी तो १/१२५ च्या खाली वापरणार नाही. हॅसलब्लाडचा आरसाही आवाज करून वर जातो, पण फिल्मवर उजेड पडतो तो लहान लीफ शटरमधून, त्यामुळे तो एखादी पायरी अधिक हळू चालतो. जोडलेन्सच्या कॅमेऱ्यात आरसा स्थिरच असतो. वरच्या लेन्सने पाहायचे आणि खालच्या लेन्सने छायाचित्र घ्यायचे, अशी त्याची रचना असते. शटर दाबताना हलते ते फक्त पाकळ्यांचे शटर, आणि छायाचित्र घेण्याच्या क्षणीही समोरचा माणूस फाइंडरमध्ये दिसत राहतो. विणकराने त्या क्षणी डोळे मिटले असतील तर ते तेव्हाच कळते.

जोडलेन्सच्या कॅमेऱ्याची आणखी एक बाजू मला फार मोलाची वाटते. कॅमेरा कमरेजवळ असतो, छायाचित्रकाराचा चेहरा झाकला जात नाही, आणि मागाजवळ काम करणाऱ्या माणसाशी नजरेने बोलत राहता येते. गर्दीत हाच कॅमेरा उलटा करून डोक्यावर धरला, तर खालून फाइंडरमध्ये पाहता येते. मिरवणुकीत पुढच्या रांगेत जागा मिळाली नाही तरी नंदीध्वज तोलून धरणाऱ्यांचे हात अशा रीतीने दिसतात. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी रोलीफ्लेक्सवर काम केले, आणि एका स्थिर लेन्सचा कॅमेरा धावपळीच्या कामाला पुरतो का, या शंकेचे उत्तर त्यांच्या छायाचित्रांत आहे.

या वर्गात रोलीफ्लेक्स सर्वांत देखणा आहे, त्याच्या नंतरच्या बहुतेक २.८ आणि ३.५ च्या मॉडेलांत प्लॅनार किंवा झेनोटार लेन्स असते. याशिका मॅट १२४ जी मध्ये चार काचांची टेसार पद्धतीची ८० मिलिमीटर एफ ३.५ लेन्स आहे. ती पूर्ण उघडली तर कडांना मऊ पडते आणि एफ ८ पासून कोणत्याही प्रिंटला पुरेशी स्पष्ट होते. पहिला मीडियम फॉरमॅट कॅमेरा म्हणून मी हाच सुचवतो. मी स्वतः मात्र मामिया सी ३३० वापरतो, कारण हा जोडलेन्सचा असूनही त्याच्या लेन्स बदलता येतात. ५५ पासून २५० मिलिमीटरपर्यंतच्या जोड्या त्यासाठी निघाल्या. प्रत्येक पट्टीवर पाहण्याची आणि घेण्याची अशा दोन लेन्स असतात आणि खालच्या लेन्समध्ये स्वतंत्र शटर असते. फोकस बेलोजने (घड्यांच्या भात्याने) होतो, त्यामुळे ८० ची लेन्स हॅसलब्लाडच्या ८० पेक्षा कितीतरी जवळ जाते. हॅसलब्लाडची ८० ची प्लॅनार ०.९ मीटरवर थांबते आणि पुढे जायचे तर एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीमधली नळी) लावावी लागते. मला धोट्यावरचा हात आणि विणली जाणारी किनार यांच्या अगदी जवळ जायचे होते, म्हणून माझ्यासाठी निर्णय येथेच झाला. या जवळिकीची दोन मोजमापे मात्र लक्षात ठेवावी लागतात. पहिले म्हणजे वरची लेन्स जे पाहते त्याहून थोडे खालचे दृश्य फिल्मवर येते. सी ३३० च्या फाइंडरमधला काटा चौकटीची खरी वरची कड दाखवतो, पण पुढच्या आणि मागच्या वस्तूंचा परस्परसंबंध तो दुरुस्त करू शकत नाही. दुसरे म्हणजे बेलोज ताणला की उजेड कमी पोहोचतो. ८० च्या लेन्सला २० मिलिमीटर ताण दिला तर सुमारे दोन तृतीयांश स्टॉप वाढवावा लागतो आणि ४० मिलिमीटरला एका स्टॉपहून थोडा अधिक. कॅमेऱ्याच्या बाजूला त्याची पट्टी कोरलेली आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

कारखान्यात हवेत सुताचा बारीक कोंडा सतत तरंगत असतो, आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण कॅमेऱ्यांच्या परीक्षणांत ही गोष्ट कधी येत नाही. निगेटिव्हवर बसलेली धूळ प्रिंटवर पांढरा ठिपका होऊन येते आणि ब्रशने भरून काढता येते. पण कॅमेऱ्याच्या आत, फिल्मपुढच्या चौकटीवर सुताचा तंतू अडकला तर तो उजेड अडवतो, निगेटिव्हवर पारदर्शक राहतो आणि प्रत्येक प्रिंटवर काळा केस म्हणून उमटतो. त्याला उपाय कठीण आहे. म्हणून मागाजवळ लेन्स बदलणे किंवा फिल्मची बॅक (फिल्म असलेला कॅमेऱ्याचा मागचा भाग) काढणे मी टाळतो, आणि रोल भरण्यासाठी बाहेर अंगणात येतो. हॅसलब्लाड आणि आरबी ६७ च्या बदलत्या बॅकचा फायदा मोठा आहे, रंगीत आणि कृष्णधवल फिल्म आलटून पालटून वापरता येते. पण बॅकचे सांधे वाढतात तशा कोंडा शिरण्याच्या जागाही वाढतात. सी ३३० मध्ये १२ छायाचित्रे संपेपर्यंत तोच रोल चालवावा लागतो, आणि माझ्या कामाला ते चालते.

ज्यांचे काम स्टुडिओत किंवा घराच्या ओसरीवर शांतपणे माणसे बसवून होणार आहे, त्यांच्यासाठी माझी पसंती आरबी ६७ ला आहे. १९७० मध्ये आलेल्या या कॅमेऱ्याची मागची चौकट फिरते, त्यामुळे उभे छायाचित्र घेताना कॅमेरा वळवावा लागत नाही. त्याला बॅटरी लागत नाही आणि त्याचा फोकसही बेलोजनेच होतो. १२७ मिलिमीटर एफ ३.८ ही त्याची लेन्स व्यक्तिचित्रासाठी मला सर्वांत संतुलित वाटते. ३५ मिलिमीटरच्या भाषेत ती सुमारे ६२ ची होते, चेहरा ताणत नाही आणि मागचे घरही ओळखू येऊ देते. १८० ची लेन्स चेहरा अधिक वेगळा काढते, पण ओसरीवर मागे सरकायला जागा लागते. लेन्ससह वजन अडीच किलोच्या वर जाते आणि शटर एका खटक्याने चढवून फिल्म दुसऱ्या खटक्याने पुढे न्यावी लागते, तेव्हा मिरवणुकीत हा कॅमेरा गळ्यात घालून फिरण्याचा विचार करू नये. नंतरचा आरझेड ६७ हे दोन्ही एकाच खटक्यात करतो, पण त्याचे शटर बॅटरीवर चालते.

हॅसलब्लाडविषयी माझ्या मनात आदर आहे. लेन्ससह दीड किलोच्या आसपास वजनात बदलती बॅक, बदलता फाइंडर आणि पूर्ण यांत्रिक काम देणारा असा दुसरा कॅमेरा नाही, आणि १५० ची सोनार ही व्यक्तिचित्राची लेन्स माझ्या आवडीच्या लेन्सपैकी आहे. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. जुन्या चंदेरी सी लेन्सवर परावर्तन कमी करणारे साधे कोटिंग असते आणि नंतरच्या टी स्टार लेन्सवर अनेक थरांचे. सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यावरून सकाळी सूर्य समोर असताना छायाचित्र घेतले तर हा फरक स्पष्ट दिसतो, आणि सावलीत तो जवळजवळ दिसत नाही. दुसरे, बॉडी आणि लेन्स दोन्ही चढवलेल्या स्थितीत असतानाच लेन्स काढावी किंवा लावावी, नाहीतर यंत्रणा अडकते. विकणाऱ्याने हे स्वतःहून दाखवले, तर त्याने कॅमेरा वापरला आहे असे समजावे.

पेंटॅक्स ६×७ नान्नजच्या माळरानावर, भुईकोट किल्ल्याच्या बुरुजांवर आणि भरपूर उजेडात सुंदर काम करतो. डोळ्याला लावून चालणारा तो एक मोठा ३५ मिलिमीटरचा कॅमेराच आहे, पण बॅटरी संपली की त्याचे शटर उघडतच नाही. ब्रॉनिकाच्या ईटीआरएस आणि एसक्यू-ए या मॉडेलांत बॅटरीशिवाय फक्त १/५०० ची गती उरते. सहा व्होल्टची ती छोटी बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, म्हणून पिशवीत एक जास्तीची ठेवावीच. तेवढी काळजी घेणाऱ्यासाठी ब्रॉनिका ही कमी खर्चात मिळणारी पूर्ण पद्धत आहे. मामिया ७ ला आरसाच नाही, त्यामुळे त्याची ४३ मिलिमीटरची लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसते आणि सरळ रेषा सरळ ठेवते. आरशासाठी जागा सोडावी लागणाऱ्या कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्सना हे जड जाते. इमारतींचे काम करणाऱ्याने त्याचा विचार करावा. हातापर्यंत, चेहऱ्यापर्यंत जवळ जाणाऱ्याने करू नये.

जुनी लेन्स पाहताना अंधारात मागून टॉर्च धरून बुरशी आणि धुरकटपणा तपासावा. सोलापूरची हवा कोरडी आहे, येथे राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी कमी आढळते; मुंबईहून किंवा कोकणातून आलेल्या लेन्सकडे अधिक बारकाईने पाहावे. येथल्या उन्हाळ्याचा त्रास निराळा आहे. उष्णतेने वंगण पातळ होऊन शटरच्या पाकळ्यांवर उतरते आणि आरशाखालचा, झाकणाच्या कडेचा स्पंज चिकट होऊन गळतो. पाकळ्यांवर तेलाची चमक दिसली तर ती लेन्स तशीच घेऊ नये. प्रत्येक लेन्सचे एक सेकंद, अर्धा सेकंद आणि १/८ फोनवर ध्वनिमुद्रित करून दोन आवाजांतील अंतर मोजावे. लीफ शटर उघडून साफ करणारे हात येथे आता क्वचितच सापडतात आणि लेन्स मुंबईला किंवा पुण्याला पाठवावी लागते, म्हणून दुरुस्तीचा आणि ने-आणीचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करावीत.

दुसरी लेन्स कधी घ्यावी, असेही मला विचारले जाते. मूळ लेन्सवर इतके रोल काढावेत की डोळ्यापुढची चौकट कॅमेरा न उचलताही दिसू लागेल, आणि मग आपल्याच प्रिंट पुढ्यात मांडून पाहावे की आपण सारखे कोठे कापत आलो आहोत. माझ्या प्रिंटमध्ये कापले जात होते ते विणकराच्या मागचे रिकामे छत, म्हणून मी १३५ ची जोडी घेतली. दुसऱ्या एखाद्याच्या प्रिंटमध्ये मागाची दोन्ही टोके चौकटीबाहेर जात असतील, तर त्याने ६५ किंवा ५५ पाहावी. ६५ ची लेन्स या चौकटीत ३५ मिलिमीटरच्या भाषेत सुमारे ३६ ची होते, आणि दोन मागांमधल्या अरुंद वाटेत पाठ भिंतीला टेकलेली असताना तेवढी रुंदी पुरते.